एक फाइल, पाच गुरुवार: महापालिकेच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला एंटरप्राइज आर्किटेक्चर कसे शिकवावे

महापालिकेत सॉफ्टवेअर विभागाविभागाने येते. आधी जन्म-मृत्यू नोंदणी, मग मालमत्ता कर, मग पाणीपट्टी, मग परवाने. प्रत्येकाची निविदा वेगळी, पुरवठादार वेगळा, करार संपण्याची तारीखही वेगळी. दहा-पंधरा वर्षांत एकाच घराला कर विभागात एक क्रमांक मिळतो, पाणी विभागात दुसरा, आणि नागरिक तीच कागदपत्रे घेऊन दोन्ही खिडक्यांवर उभा राहतो. हा पसारा आधी जसा आहे तसा मांडायचा, कुठे जायचे ते ठरवायचे आणि पुढची प्रत्येक खरेदी त्या दिशेची आहे का ते खरेदीआधी तपासायचे, या कामाला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. ज्याने कार्यालयात सहा गठ्ठे पद्धत लावली आहे त्याला यातली मूळ कल्पना ओळखीचीच वाटेल: कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, तिथे का आणि किती दिवस, हे आधी ठरलेले असते, म्हणून टेबलावरचा माणूस बदलला तरी काम थांबत नाही.

हे शिकवण्याची रूढ रीत म्हणजे तीन दिवसांचा वर्ग, चारशे स्लाइड, शेवटी प्रमाणपत्र. त्यातून शब्द येतात, काम येत नाही. ठाणे-नवी मुंबई परिसरातल्या महापालिकेत हे प्रशिक्षण घ्यायचे असेल तर पाच दिवस लागोपाठ घेण्याऐवजी पाच आठवडे, दर आठवड्याला एक दिवस घ्यावे, आणि सगळा अभ्यास त्याच कार्यालयातल्या एका खऱ्या सेवेवर करावा. खालची मांडणी 'मालमत्ता करातील नावात बदल' या सेवेवर बेतली आहे. ही सेवा छोटी दिसते, पण तिला कर, लेखा, विभाग कार्यालय, नागरी सुविधा केंद्र आणि महापालिकेबाहेरची दोन-तीन कार्यालये लागतात. शिकायला इतके पुरते.

कुठला आराखडा धरायचा

यावर फार वेळ घालवू नये. टोगॅफ हा द ओपन ग्रुप या संस्थेचा आराखडा. पहिली आवृत्ती १९९५ची, दहावी २०२२ची. त्यातले एडीएम हे चक्र कामाचा क्रम सांगते: पूर्वतयारी, दृष्टिकोन, कामकाज, माहिती व सॉफ्टवेअर, तंत्रज्ञान, पर्याय, स्थलांतराचे नियोजन, अंमलबजावणीवर देखरेख आणि बदलांचे व्यवस्थापन. मध्यभागी गरजा. झॅकमन यांनी १९८७मध्ये मांडलेली आणि पुढे वाढवलेली चौकट प्रश्न सांगते: काय, कसे, कुठे, कोण, केव्हा, का. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८मध्ये आणलेला 'इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर' आराखडा सरकारी कामासाठीच आहे आणि त्यात आठ संदर्भ नमुने आहेत: कामगिरी, कामकाज, ॲप्लिकेशन, डेटा, तंत्रज्ञान, एकत्रीकरण, सुरक्षा आणि कारभार.

क्रम टोगॅफचा घ्या, कप्पे इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चरचे घ्या, आणि दोन्ही नावे पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत सांगून मोकळे व्हा. ज्या वर्गात चक्राचे चित्र पहिल्या तासाला येते, तिथे लोक चक्र पाठ करतात आणि स्वतःचे कार्यालय विसरतात.

आधीचे तीन आठवडे

वार गुरुवार ठेवा. सोमवार नको, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो आणि बाकीच्या सोमवारी साठलेले टपाल. शनिवारी बोलावले तर लोक येतात, मन येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्प आणि करवसुली, मे-जूनमध्ये पावसाळापूर्व कामे. म्हणून नोव्हेंबर मध्य ते जानेवारी मध्य हा काळ बरा. निवडणुकीची चिन्हे असतील तर आचारसंहितेच्या काळात निम्मा वर्ग निवडणुकीच्या कामाला जाईल हे धरून चाला. ठाण्याहून येणारे आणि नवी मुंबईतले असा मिश्र वर्ग असेल तर जागा ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावरच्या स्टेशनापासून चालत जाण्याजोगी हवी, आणि वेळ साडेदहा ते पाच.

माणसे २४, सहा-सहांचे चार गट. प्रत्येक गटात माहिती तंत्रज्ञानाचे दोघे, कर विभागाचा एक वरिष्ठ लिपिक किंवा अधीक्षक, लेखा विभागाचा एक, विभाग कार्यालय किंवा प्रभाग समितीचा एक आणि नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर प्रत्यक्ष बसणारा एक. वर्ग फक्त अभियंत्यांचा असला की चौथ्या दिवसापर्यंत सगळे सर्व्हर आणि क्लाउडवर बोलू लागतात. पुरवठादाराचा माणूस पहिल्या दोन दिवशी नको. तो चांगला असला तरी प्रत्येक प्रश्नाला 'ते आमच्या सिस्टीममध्ये आहे' असे उत्तर देतो, आणि लिपिक गप्प बसतो. तिसऱ्या दिवशी बोलवा. तोवर प्रश्न नेमके झालेले असतात.

उपस्थितीचा आदेश अतिरिक्त आयुक्तांच्या सहीने काढा आणि त्यात नावे लिहा, पदे नकोत. पद लिहिले की दर गुरुवारी वेगळा माणूस येतो.

साहित्यात तीन निकाली फायली हव्यात. एक सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) भूखंडावरच्या सोसायटीतल्या सदनिकेच्या विक्रीची, एक वारसाहक्काची, एक गावठाणातल्या घराची. तिन्हींच्या झेरॉक्स काढण्याआधी नावे, आधार, पॅन, मोबाइल आणि सह्या झाका. काळ्या मार्करने झाकलेला मजकूर उजेडात धरला तर वाचता येतो, म्हणून झाकलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच वाटा. तारखा, शेरे, आवक-जावक शिक्के आणि टिपणीचे परिच्छेद क्रमांक मात्र जसेच्या तसे राहू द्या. चार गटांना तीन फायली द्यायच्या, म्हणजे दोन गटांना एकच फाइल जाते. ते त्यांना सांगू नका.

याशिवाय प्रत्येक गटाला दोन मीटरचा ब्राऊन पेपर, जाड मार्कर आणि चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, प्रत्येक रंगाचा शंभराचा गठ्ठा. पिवळी कामासाठी, निळी सॉफ्टवेअरसाठी, हिरवी यंत्रसामग्री आणि नेटवर्कसाठी, गुलाबी अडचणीसाठी. पहिले तीन रंग आर्किमेट या चित्रभाषेतल्या प्रचलित रंगांशी जुळतात. नंतर तेच चित्र 'आर्ची' या मोफत साधनात उतरवताना कुणाला नवे काही शिकावे लागत नाही. साधन विकत घेण्याचा विषय या टप्प्यावर काढूच नये.

पहिला गुरुवार: फाइल चालवून पाहणे

गटाने फाइल पहिल्या पानापासून वाचायची आणि प्रत्येक हालचालीला एक पिवळी चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर क्रियापद हवे: 'अर्ज स्वीकारतो', 'थकबाकी तपासतो', 'सूची-२ (दस्त नोंदणीचा उतारा) पडताळतो'. नुसते 'कर विभाग' असे लिहिलेली चिठ्ठी परत करा. तो विभाग झाला, काम झाले नाही. पिवळ्याखाली ते काम ज्यात होते ते सॉफ्टवेअर निळ्यावर. तिथे एक्सेल असेल तर एक्सेल, वही असेल तर वही, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जात असेल तर तेही लिहायचे. इथे लोक लाजतात. त्यांना सांगा, की जी एक्सेल शीट नसली तर सोमवारचे काम सुरू होत नाही ती कागदोपत्री नसली तरी कार्यालयाची प्रणालीच आहे.

मग बाण. प्रत्येक बाणावर काय जाते, कशाने जाते आणि किती वेळाने जाते हे लिहिल्याशिवाय तो मान्य नाही. 'इंटिग्रेशन' हा शब्द बाणावर लिहायला बंदी. 'रोज रात्री सीएसव्ही फाइल', 'दुसऱ्या स्क्रीनवर बघून हाताने टंकतो', 'कागद शिपायाकडून' अशी उत्तरे हवीत (सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता). हाताने टंकण्याचे बाण लाल मार्करने काढा. दिवसअखेर ब्राऊन पेपरवर लाल किती हे दुरून दिसते, आणि वरिष्ठ अधिकारी पाच मिनिटांसाठी आत आले तरी त्यांना कळते.

दुपारी तारखांचा हिशेब. प्रत्येक टप्प्यासमोर दोन आकडे: प्रत्यक्ष हात लागलेला वेळ आणि पडून राहिलेला वेळ. पहिला लिपिकाला विचारून, दुसरा शिक्क्यांवरून. सुट्ट्या वेगळ्या काढून. शेजारी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली त्या सेवेला अधिसूचित केलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी लिहा. मुदत नेमकी कुठल्या क्षणापासून मोजली जाते यावर वर्गात हमखास वाद होतो: अर्ज आला तेव्हापासून, की कागद पूर्ण झाले तेव्हापासून? वाद होऊ द्या. सॉफ्टवेअरमधले घड्याळ यातल्या कुठल्या क्षणी सुरू होते, हे त्याच दिवशी स्क्रीन उघडून बघा.

तीन फायली तीन गोष्टी शिकवतात. सदनिकेच्या फाइलमध्ये नोंदणीकृत दस्ताची सूची-२ असते, सोबत भाडेपट्ट्याने जमीन देणाऱ्या सिडकोचा हस्तांतरण आदेश आणि सोसायटीचे भागप्रमाणपत्र. वारसाच्या फाइलमध्ये खरेदीखत नसते. गावठाणातल्या घराला बऱ्याचदा सूची-२ही नसते आणि सिडकोचा आदेशही. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातला भूखंड घेतला तर जमीन देणारी एमआयडीसी. म्हणजे 'नावात बदल' ही एक सेवा असली तरी तिचे मार्ग चार. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'सूची-२ क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे लिपिक ०००० टाकतो. हा दोष लिपिकाच्या माथी मारू नका. फॉर्म करणाऱ्याने गावठाण पाहिलेले नव्हते.

संध्याकाळी एकच फाइल मिळालेल्या दोन गटांची चित्रे शेजारी लावा. ती वेगळी निघतात. कुठली बरोबर हे न सांगता फरकांची यादी करायला लावा.

दुसरा गुरुवार: क्षमता आणि सॉफ्टवेअरची यादी

आता सेवेवरून वर जायचे. विभागांची नावे बाजूला ठेवून महापालिका काय काय करते ते क्रियापदात लिहायचे: अर्ज घेणे, ओळख पटवणे, स्थळपाहणी करणे, रक्कम ठरवणे, पैसे स्वीकारणे, निरोप पाठवणे, दाखला देणे, तक्रार सोडवणे, नोंद जपणे. अशा २० ते ३० क्षमता पुरतात. साठ झाल्या की लोक कामांची यादी करू लागले असे समजा. क्षमता आडव्या ओळींत, विभाग उभ्या रकान्यांत, आणि चौकोनात ते काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव. 'पैसे स्वीकारणे' या एका ओळीत पाच-सहा नावे दिसू लागली की आर्किटेक्चर म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

'निरोप पाठवणे' ही ओळ नीट बघा. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे एसएमएसचे शीर्षक (पाठवणाऱ्याचे नाव) आणि मजकुराचे साचे डीएलटी या नोंदणी मंचावर नोंदवावे लागतात. प्रत्येक पुरवठादाराने आपापली सोय केली असेल तर एकाच महापालिकेचे संदेश चार शीर्षकांखाली जातात, आणि नागरिकाला खरा कुठला हे कळत नाही. खर्चाचाही प्रश्न आहे. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा. देवनागरी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांना संकेतांक देणारी पद्धत) तो ७० अक्षरांचा, आणि जोडसंदेश झाला तर भागाला ६७. काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. मराठी साचा आटोपशीर लिहिणे हेही म्हणून आर्किटेक्टचेच काम.

सॉफ्टवेअरच्या यादीला बारा रकाने पुरे: नाव, कुठल्या क्षमतेसाठी, विभागातला मालक, पदनामासह, पुरवठादार, करार संपण्याची तारीख, खर्चाचे लेखाशीर्ष, डेटाबेस आणि आवृत्ती, सर्व्हर कुठे, युनिकोड आहे की जुना फाँट, सगळा डेटा बाहेर काढता येतो का, शेवटच्या सुरक्षा लेखापरीक्षणाची तारीख, बॅकअप प्रत्यक्ष परत चढवून पाहिल्याची तारीख. शेवटचा रकाना बहुतेकदा कोरा राहतो. 'बॅकअप घेतो' हे त्याचे उत्तर नाही.

'मालक' या रकान्यात माहिती तंत्रज्ञान विभाग लिहू देऊ नका. कर प्रणालीचा मालक करनिर्धारण विभाग. माहिती तंत्रज्ञान विभाग सांभाळणारा. हा एक फरक नीट रुजला तर पुढचे निम्मे वाद मिटतात.

यादी झाली की प्रत्येकापुढे एक शब्द: ठेवा, वाढवा, हलवा किंवा बंद करा. 'बंद करा' एकाही सॉफ्टवेअरपुढे आला नाही तर गट घाबरला आहे. लेखा विभागाच्या माणसाला वार्षिक देखभालीचे देयक वाचून दाखवायला सांगा. कुणी वापरत नाही आणि पैसे जाताहेत असे काहीतरी सापडते.

तिसरा गुरुवार: डेटा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जेवणानंतरचे सत्र लांबले तरी चालेल.

चार संज्ञा घ्या: व्यक्ती, मालमत्ता, देणे, अर्ज. प्रत्येकीसाठी कुठली प्रणाली नोंद तयार करते, कुठली बदलते, कुठली फक्त वाचते आणि कुठली रद्द करते, याचा तक्ता. नियम असा की तयार करण्याचा हक्क एकाच जागी असावा. 'मालमत्ता' या रकान्यात तो तीन जागी निघतो: कर, पाणी, बांधकाम परवानगी. आणि मालकी? मालमत्ता करातले नाव करवसुलीसाठी असते, तो मालकीचा पुरावा नव्हे. मूळ नोंद दुय्यम निबंधकाकडे, भाडेपट्टा देणाऱ्या संस्थेकडे, सोसायटीत. म्हणून महापालिकेच्या प्रणालीत 'मालक' असा रकाना असण्यापेक्षा 'करदाता' आणि 'आधारभूत दस्त' असे दोन असावेत. रकान्याच्या नावातला गोंधळ पुढे खिडकीवरच्या भांडणात उतरतो.

पत्त्याचा सापळा नवी मुंबईत खास आहे. सेक्टर १ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, ऐरोलीतही आहे. नोडशिवाय, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराच्या नावाशिवाय, सेक्टर निरर्थक. शिवाय सिडकोचा नोड आणि महापालिकेचा विभाग यांच्या सीमा एकच असतील असे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने हवेत. ठाण्यात भूमापन क्रमांक, इमारतीचे नाव आणि प्रभाग समिती यांची वेगळी कसरत. शहर आणि गावाच्या नावासाठी केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला संकेतांक वापरा. शब्दलेखनातले फरक तिथेच थांबतात.

आता मराठी अक्षरे. पाच जणांना पाच वेगळ्या यंत्रांवर 'ॲड. गोऱ्हे' टंकायला सांगा आणि संगणकाला ती सारखी आहेत का विचारा. बहुधा नसतात. मराठी नोंदी न जुळण्याची कारणे तीन. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या एका संकेतांकाने येते, किंवा 'अ' आणि त्यावर 'ॅ' अशा दोघांनी. दिसायला एक, आतून दोन. आणि युनिकोडचे प्रमाणीकरण चालवले तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. दुसरे, 'ऱ्' हे ०९३१ आणि हलन्त असे लिहिलेले असते, किंवा र, हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह असे. डेटा साफ करणारी एखादी स्क्रिप्ट 'न दिसणारी चिन्हे काढून टाका' म्हणत फिरली की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना पाठवलेले पत्र आचार्यांना जाते. म्हणून आधी र-हलन्त-जॉइनरचे ०९३१-हलन्त करा, मगच न दिसणारी चिन्हे काढा. क्रम उलटला तर परतीची वाट नाही. तिसरे, अंक: घर क्रमांक कुणी देवनागरीत टाकतो, कुणी रोमनमध्ये. साठवताना एकच ठेवा, दाखवताना हवा तो दाखवा.

जुन्या फाँटमधला डेटा असेल तर सफाईचा क्रम असा ठेवा. मूळ तक्त्याची प्रत काढून कुलूपबंद करा. रूपांतर नव्या रकान्यात करा, जुना पुसू नका. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी असलेली २०० नावे निवडून दोन माणसांकडून वेगवेगळी वाचून घ्या. चूक एकाच प्रकारची वारंवार येत असेल तर नियम सुधारून पूर्ण रूपांतर पुन्हा चालवा. हाताने दुरुस्त करत बसू नका. रकान्याची लांबीही तपासा: यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याची प्रचलित रीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे ५० बाइटच्या रकान्यात १६ चिन्हे मावतात. मधले नाव आणि आडनाव तिथेच कापले जाते, आणि कुणालाही चूक दाखवली जात नाही.

पुरवठादाराला या दिवशी एकच प्रश्न: सगळा डेटा, रकान्यांच्या वर्णनासह, सीएसव्हीमध्ये किती दिवसांत देता? उत्तर लेखी घ्या.

वैयक्तिक डेटाचा मुद्दा इथेच येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. प्रत्येक रकान्यापुढे 'हा कशासाठी घेतो' लिहायला लावा. आधारची झेरॉक्स प्रत्येक विभागात का पडून आहे याला नीट उत्तर मिळत नाही.

चौथा गुरुवार: कुठे जायचे

तंत्रज्ञानाचा भाग सकाळी दीड तासात उरका. प्रत्येक प्रणालीसाठी दोन आकडे विभागाकडून घ्या: किती वेळाचा डेटा गेला तर चालेल आणि किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे. 'शून्य आणि लगेच' असे उत्तर आले तर त्याचा खर्च पुढे ठेवा, मग खरे आकडे येतात. २६ जुलै २००५चा पाऊस लक्षात ठेवून सर्व्हर तळमजल्यावर नको, आणि बॅकअप त्याच इमारतीत नको. ऐरोली-महापे पट्ट्यातली दोन डेटा सेंटरे म्हणजे दोन ठिकाणे असे समजू नका. दुसरी प्रत दूरच्या, वेगळ्या भूकंपक्षेत्रातल्या शहरात हवी.

मग तत्त्वे. पाच ते सात, जास्त नकोत. प्रत्येकाचे चार भाग: नाव, विधान, कारण, परिणाम. नमुना: 'एकदाच मागू. महापालिकेकडे पडताळलेली असलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागितली जाणार नाही. कारण पुन्हा मागितल्याने प्रती वाढतात आणि त्या जुळत नाहीत. परिणाम: पाणी विभागाला थकबाकीचा दाखला मागता येणार नाही, तो कर प्रणालीतून वाचावा लागेल, कर प्रणालीला ती सेवा कार्यालयीन वेळेत चालू ठेवावी लागेल, दाखल्याचे शुल्क बुडेल.' शेवटचे वाक्य वाचून कुणी आक्षेप घेतला तर तत्त्व नीट लिहिले गेले. ज्याचा परिणाम कुणालाच टोचत नाही ते तत्त्व कामाचे नसते.

दुपारी टप्पे: ६, १८ आणि ३६ महिने. क्रम लावताना सगळेच म्हणतात, आधी मालमत्तेचा एकच क्रमांक करू. पुस्तकात तेच बरोबर आहे. प्रत्यक्षात त्याला हात लावला की थकबाकीचे वाद, न्यायालयीन प्रकरणे आणि क्षेत्रफळाच्या तक्रारी एकदम उठतात. आमचे मत: पहिला टप्पा एसएमएसचा घ्यावा. करार छोटा, विरोध कमी, फरक लगेच दिसतो. मग पैसे स्वीकारण्याची एकच सेवा, रोजच्या ताळमेळासह. 'पैसे गेले, पावती नाही' या तक्रारीचे मूळ बँकेचा व्यवहार क्रमांक आणि पावती क्रमांक एका ओळीत नसण्यात असते. तोवर मालमत्तेच्या क्रमांकासाठी नवा क्रमांक न काढता जुन्या क्रमांकांची जुळणी-सारणी करत राहावी. ती ८०-९० टक्के भरली की क्रमांकाचा निर्णय घ्यायला हरकत नाही.

पाचवा गुरुवार: निविदेच्या आधीचे एक पान

आराखडा फायलीत शिरला नाही तर तो भिंतीवर राहतो. शिरायची जागा एकच: प्रशासकीय मान्यतेच्या आधी. तांत्रिक मान्यता झाल्यावर किंवा निविदा निघाल्यावर आक्षेप घेणाऱ्याला 'काम अडवणारा' म्हणतात, आणि ते फारसे चुकीचेही नसते.

वर्गाने दिवसभरात दोन मसुदे करायचे. पहिला आर्किटेक्चर समितीच्या कार्यालयीन आदेशाचा: अध्यक्ष अतिरिक्त आयुक्त, सदस्य सचिव माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख, सदस्य मुख्य लेखा व वित्त अधिकारी आणि दोन सेवा देणाऱ्या विभागांचे प्रमुख. बैठक पंधरा दिवसांनी, आणि सात कामकाजाच्या दिवसांत अभिप्राय न आल्यास फाइल पुढे जाईल ही ओळ आदेशातच हवी. ती नसली की समिती म्हणजे आणखी एक टेबल.

दुसरा मसुदा एका पानाच्या टिपणीचा. त्यात सहा उत्तरे: ही खरेदी कुठल्या क्षमतेसाठी, ती क्षमता आपल्याकडे आधी कशात आहे, कुठला डेटा तयार करणार आणि कुठला वाचणार, कुठल्या तत्त्वाला धक्का लागतो, करार संपल्यावर बाहेर कसे पडायचे, पाच वर्षांचा एकूण खर्च. सवलत द्यायला हरकत नाही, पण ती लेखी आणि संपण्याच्या तारखेसह.

निविदेच्या अटी त्याच टिपणीला जोडा. डेटाची मालकी महापालिकेची, मुक्त स्वरूपात निर्यात, वर्षातून एकदा करून दाखवणे, एपीआयचे (प्रणाली एकमेकींशी बोलतात त्या जोडणीचे) दस्तऐवज, युनिकोड, वरच्या अक्षरनियमांसह, संकेतस्थळाला भारत सरकारची संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वे, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपणे, सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवणे. हस्तांतरणाच्या काळासाठी दरपत्रकात वेगळी ओळ ठेवा. ती नसली की जाणारा पुरवठादार डेटा देण्याचेही पैसे सांगतो.

सरावासाठी मागच्या वर्षीची एक खरी निविदा घेऊन तिच्यावर हे पान भरून पाहा. अर्धा तास पुरतो.

प्रमाणपत्र

विचारले जातेच. टोगॅफच्या दोन परीक्षा असतात: पहिलीत ४० प्रश्न, ६० मिनिटे, दुसरीत प्रसंगांवर आधारित ८ प्रश्न, ९० मिनिटे, पुस्तक उघडून. दोन्हींत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. चोवीसमधल्या दोघांना बसवा, तेही पाच गुरुवार झाल्यावर. प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी आणि आस्थापनेवरचा कर्मचारी यांत निवडायचे असेल तर दुसरा. पहिल्याची बदली तीन वर्षांत होते.

नव्वदावा दिवस

चित्रे, बारा रकान्यांची यादी, डेटाचा तक्ता, तत्त्वे आणि सवलतींची नोंदवही, हे सगळे कार्यालयाच्या सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये असावे. सल्लागाराच्या लॅपटॉपवर नाही. फोल्डरचा सांभाळणारा नावानिशी ठरवा आणि त्याच्या कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत फोल्डरची नोंद घाला.

प्रशिक्षण संपल्यापासून नव्वद दिवसांनी चित्रातला कुठलाही एक बाण निवडा आणि जागेवर जाऊन बघा. 'रोज रात्री सीएसव्ही' असे लिहिले आहे, तर काल रात्रीची फाइल दाखवा म्हणा. नसेल तर बाण त्याच दिवशी लाल करा, आवृत्तीचा क्रमांक वाढवा, आणि ती फाइल कधीपासून येत नाही हे ती ज्याला मिळायला हवी त्या, समजा पाणी विभागाच्या, लिपिकाला विचारा. त्याला तारखेसह माहीत असते.